सभासदत्व मिळाले, सत्तेचे काय?

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून विश्वचषक जिंकला. साऱ्या महाराष्ट्राला त्याचा आनंद झाला आणि तो रास्तच होता. परंतु या जल्लोषात एक प्रश्न मागे पडला. मुली ज्या मैदानांवर खेळतात, त्यांचा कारभार कोणाच्या हाती आहे? खेळाडूला टाळ्या मिळतात. पण सरावाच्या वेळा, प्रवासखर्च आणि संघनिवड हे सारे कार्यकारी मंडळाच्या बैठकीत ठरते. त्या बैठकीत स्त्रियांना स्थान किती, हा खरा मुद्दा आहे.

या बाबतीत लंडनच्या मेरिलिबोन क्रिकेट क्लबचा, म्हणजे एम.सी.सी.चा, इतिहास उद्बोधक आहे. १७८७ साली स्थापन झालेला हा खासगी क्लब क्रिकेटच्या नियमांचा कर्ता आणि रक्षक मानला जातो. स्त्रियांचा पहिला कसोटी सामना १९३४ साली ब्रिस्बेन येथे झाला. महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा १९७३ साली, म्हणजे पुरुषांच्या स्पर्धेच्या दोन वर्षे आधी भरली. हे सारे सामने एम.सी.सी.च्याच नियमांनी खेळले गेले, आणि त्या क्लबात मात्र स्त्रीला सभासद होता येत नव्हते. इंग्लंडच्या माजी कर्णधार रेचेल हेहो फ्लिंट यांनी १९९१ साली अर्ज केला, तो ‘आर. फ्लिंट’ या नावाने. नावावरून स्त्री असल्याचे कळू नये म्हणून! फेब्रुवारी १९९८ च्या मतदानात ५६ टक्के सभासद स्त्रियांच्या बाजूने होते. तरीही घटनेनुसार दोन-तृतीयांश बहुमत आवश्यक असल्याने ठराव फेटाळला गेला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सुमारे ७० टक्के मते पडली आणि दार उघडले.

पण दार उघडले म्हणजे सत्ता मिळाली असे नव्हे. सभासदत्वासाठी काही दशकांची प्रतीक्षायादी असेल, तर नव्याने नाव नोंदविणाऱ्या स्त्रीची पाळी केव्हा यावी? काही नामवंत स्त्रियांना लगेच मानद सभासदत्व मिळाले. क्लेअर कॉनर या पहिल्या स्त्री अध्यक्ष होण्यास मात्र २०२१ साल उजाडले. नियमाने केलेला भेद एका ठरावाने नाहीसा होतो. यादीच्या आणि मतदानाच्या पद्धतीत मुरलेला भेद मात्र दीर्घकाळ टिकतो.

आपल्याकडेही हेच दिसते. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात डायना एडलजी यांना लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनमध्ये प्रवेश नाकारण्यात आला. त्याच एडलजींना २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या प्रशासक समितीवर नेमले. पण त्यासाठी न्यायालयाला हस्तक्षेप करावा लागला, हे विसरता कामा नये. १९७३ साली स्थापन झालेली भारतीय महिला क्रिकेट संघटना अपुऱ्या पैशांत का होईना, आपले निर्णय आपण घेत होती. पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी यांच्यासारख्या माजी कर्णधार तिच्या कारभारात होत्या. २००६ साली ती नियामक मंडळात विलीन झाली. सुविधा वाढल्या, परंतु निर्णयाचे केंद्र पुरुषांच्या हाती गेले. समान सामना-मानधनाचा निर्णय व्हायला २०२२ साल यावे लागले.

यावर आक्षेप असा की, क्लब ही खासगी संस्था. संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य घटनेच्या १९ व्या कलमानेच दिले आहे. आक्षेप वजनदार आहे. चार मित्रांनी पत्ते खेळण्यासाठी मंडळ काढले, तर त्यात कोणाला घ्यावे हे त्यांनीच ठरवावे. पण जी संस्था सार्वजनिक मैदान वापरते, जिल्ह्याचा संघ निवडते, तिला केवळ खासगी म्हणता येणार नाही. सार्वजनिक अधिकार हवा, पण सार्वजनिक उत्तरदायित्व नको, ही भूमिका न्यायाला धरून नाही. २०२५ साली संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय क्रीडा संघटनांच्या कार्यकारिणीत किमान चार स्त्रिया असाव्यात, असे बंधन घातले. तथापि दिल्लीतील तरतूद गावच्या क्लबापर्यंत आपोआप झिरपत नाही.

जालना जिल्हा क्रिकेटच्या दृष्टीने पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या क्षेत्रात येतो. याच जिल्ह्यातील विजय झोल २०१४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार होता. भोकरदन किंवा अंबडच्या मुलीलाही ती वाट मोकळी हवी असेल, तर सायंकाळी मैदान कोणाला मिळते, तिथे मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली आहे काय, हे प्रश्न बैठकीत मांडणारे कोणीतरी हवे.

राज्यात २०११ पासून पंचायतींच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. कित्येक गावांत पतीच कारभार हाकतात हे खरे. पण अनेक सरपंच स्त्रियांनी पाणी आणि शाळेचे प्रश्न धसास लावले, हेही तितकेच खरे. नाममात्र प्रतिनिधित्वाचा धोका आहे म्हणून प्रतिनिधित्वच नको, असे कोणी म्हणत नाही. मग क्रीडा मंडळांनाच वेगळा न्याय का?

नोंदणीकृत संस्थेची घटना आणि तिचे पदाधिकारी धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी नमूद असतात. शिक्षकांनी, कर्मचाऱ्यांनी, विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या क्लबाची घटना एकदा वाचावी. नवा सभासद कोण घेतो, मताधिकार कोणाला आहे, कार्यकारिणीत स्त्रिया किती, हे तीन प्रश्न येत्या सर्वसाधारण सभेत विचारावेत आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत.