आपल्यातले नवे खोत



घरमालक कसा असतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. त्याच्या दारात आपण चपला काढून उभे राहिलो आहोत. पण आपणच घरमालक झालो म्हणजे काय होतं, यावर आपल्यात कुणी तोंड उघडत नाही. कवितेत हे मावेना, म्हणून सरळ लिहितो. झोंबलं तर झोंबू द्या.

1 जुलै 1998 ला वाशिम अकोल्यातून फुटून जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, बाबू आले, क्लासेस आले, खेड्यापाड्यातले पोट्टे शिकायला आले. सगळ्यांना खोल्या लागल्या. आणि आपल्यातले जे शिकले, नोकरीला लागले, ते कर्ज काढून ले-आउटमध्ये गेले. मागे राहिली वस्तीतली टिनाची घरं. कुलूप लावावं तर घुशी पोखरतात, भाड्यानं द्यावं तर हप्त्याला हातभार लागतो. ज्याचा आजा गावकुसाबाहेर झोपडीत मेला, त्याचा नातू घरमालक झाला. चांगलंच झालं. घर असणं हा गुन्हा नाही. बाबासाहेबांनीही दादरला 'राजगृह' बांधलंच.

आमचंही तसंच झालं. मी डाळ मिलमध्ये हमाल, अंगावर तुरीची चुनी घेऊन घरी येणारा. दादा मास्तर. त्यानं कर्ज काढून पुसद नाक्याकडे घर बांधलं, गेल्या साली आम्ही तिकडे गेलो. वस्तीतलं बापानं बांधलेलं दोन खोल्यांचं घर भाड्यानं लावायचं काम माझ्याकडे आलं. महिना दोन हजार. आठवड्यात मला तीन सल्ले मिळाले. एक, डिपॉझिट दणकून घे. दोन, कागद करू नको, कागद केला की भाडेकरू डोक्यावर बसतो. तीन, आधी आडनाव विचार.

सल्ले देणारे कोण? आपलेच. ज्यांच्या छपरावर निळा झेंडा आहे ते. 14 एप्रिलला मिरवणुकीत सगळ्यात पुढे असतात ते.

आडनाव काय? हे दोन शब्द आपल्या पाठीवर किती वेळा बसले ते मोजा. दादा डी.एड.ला होता तेव्हा एका मोठ्या शहरात खोली शोधत हिंडला. फोनवर खोली रिकामी, दारात आडनाव सांगितलं की आत्ताच दुसऱ्याला दिली. एका मालकानं आडनाव विचारलं नाही, मटण खाता का एवढंच विचारलं. ताटातलं विचारायचं आणि जात मोजून घ्यायची, ही सभ्य तऱ्हा. हे एकट्या दादाचं रडगाणं नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या भाड्याच्या घरांची पाहणी केली, ती 2015 साली छापून आली. सवर्ण नावाला घर मिळतं. दलित नावाला बरेचदा नकार. मुसलमान नावाला त्याहून जास्त नकार.

आणि बडोदा तर आपल्याला पाठ आहे. 1917. परदेशात शिकून आलेले बाबासाहेब, आणि राहायला जागा नाही. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव लावून, रोजचा दीड रुपया भरून ते राहिले. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन जिन्यावर आले. एक हिंदू दोस्त होता, एक ख्रिस्ती दोस्त होता, दोघांनीही घरात घेतलं नाही. शेवटी बागेत बसून दिवस काढला. ही गोष्ट आपण भाषणात सांगतो, ऐकणाऱ्याचे डोळे भरतात. पण त्यातला एक धागा आपण सोडून देतो. काठी घेऊन आलेल्यांचे पूर्वज कधीकाळी गुजरातच्या किनाऱ्यावर आसरा मागत आले होते. आसरा मागून जगलेल्यांची पोरंही काठी उचलू शकतात. छळ सोसला म्हणून माणूस आपोआप चांगला होत नाही. त्यासाठी त्याला ठरवावं लागतं.

आता माझ्या दारात कोण आलं ते सांगतो. फासेपारधी. नवरा, बायको, अकरावीतली पोरगी. नवरा बाजारात मिळेल ते काम करतो. बेड्यावरून रोज ये-जा करून पोरीचं कॉलेज होईना, म्हणून शहरात खोली पाहिजे. वस्तीतल्या चार-पाच घरांत विचारून झालं होतं. मी आधार कार्ड पाहिलं, कागद केला, किल्ली दिली.

दुसऱ्या दिवशी विहारात बैठक. एक काकाजी म्हणाले, "अबे, पारध्याले घर देल्लं तू? उद्या पोलीस वस्तीत येतीन त मंग?"

मी म्हणालो, "काकाजी, पोलीस आपल्या वस्तीत कवा नाही आले?"

कुणी हसलं नाही. "वस्तीचं नाव खराब होते," दुसरा म्हणाला. कोणतं नाव? ज्या नावाला गाव अजून नाक मुरडतं ते? इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, जन्मलेल्या लेकरावर चोराचा शिक्का मारण्याची रीत पाडली. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. सरकारनं शिक्का पुसला आणि आपण तो अजून वाचतो आहोत. आपल्याला अपवित्र म्हणणाऱ्याची पोथी आपण जाळली. पारध्याला चोर म्हणणाऱ्याची पोथी मात्र उशाला घेऊन झोपतो.

मग बोअरवर त्या बाईला सांगितलं गेलं, "आधी वस्तीच्या बाया भरतीन, मंग तू." पाणी, दोस्तहो! पाणी! 20 मार्च 1927 ला चवदार तळ्यावर ओंजळ भरली ती कशासाठी? दरवर्षी 20 मार्चला गाडी करून महाडला जाणाऱ्यांच्याच वस्तीत एक बाई हंडा घेऊन शेवटी उभी. मी हे बैठकीत बोललो. तेव्हापासून अर्धी वस्ती माझ्याशी बोलत नाही. दादाही धुसफुसतो, हप्ता त्याच्या डोक्यावर आहे, त्याला तंटा नको. ते कुटुंब अजून तिथंच राहतं. बाई अजून शेवटी भरते. लढाई चालू आहे.

एक मुद्दा मात्र खरा वजनाचा आला. एक पोरगा म्हणाला, "आपल्या पोट्ट्यायले बाहीर कोणी खोली देत नाही. मंग आपली खोली आपल्यालेच पायजे." हे खोटं नाही. त्याची आग मला समजते. पण बाहेरचे आपल्याला नाकारतात म्हणून आपण पारध्याला, मातंगाला, मुसलमानाला नाकारायचं, तर ज्यानं दादाला नाकारलं त्याचं काय चुकलं? तोही म्हणतो, माझी खोली माझ्या माणसाला. ज्याला गरज जास्त आणि जो आधी आला त्याला घर. त्यात आपला विद्यार्थी आला तर आनंद. पण जातीचं कुंपण आपल्या हातानं घातलं, तर ती वस्ती राहत नाही, तो नवा महारवाडा होतो, आणि ह्या खेपेला कुंपणाची किल्ली आपल्याच खिशात.

1955 चा अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा, 1976 पासून ज्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, तो अस्पृश्य म्हणून घरात राहायला अडवणं गुन्हा ठरवतो. त्या कायद्याकडे आपण बोट दाखवतो. त्यातला न्याय फक्त दुसऱ्याच्या दारावर ठोकायचा काय?

आता पैशाचं. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे बाबासाहेबांनी दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण पहिला पाठ केला, दुसरा गाळला. त्याआधी 17 सप्टेंबर 1937 ला त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडण्याचं बिल मांडलं. आपल्या वऱ्हाडात खोत नव्हते, कोकणात होते. सरकार आणि कूळ यांच्या मधे बसून कुळाचा घाम वसूल करणारा तो खोत. आज वस्तीतली दोन खोल्यांची मालकी घेऊन आपल्यातलाच एखादा खोत होतो. पावती नाही. वीज बिलाच्या दुप्पट दरानं. वाद झाला की नळ बंद. पाहुणा आला की टोमणा. डिपॉझिट परत मागितलं की भिंतीला खिळा मारला म्हणून कापून घेतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा आहे. त्याचं कलम 55 सांगतं, करार लेखी आणि नोंदणी केलेला पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची. पावती देणं मालकाचं काम. पाणी-वीज तोडायला मनाई. हा कागद भाडेकरूचं हत्यार आहे म्हणूनच मालकाला तो नको असतो. आणि ऐका, वसतिगृहात नंबर न लागलेल्या आपल्या पोरांना स्वाधार योजनेचे पैसे मिळवायचे तर खोलीचा करार लागतो. तुम्ही कागद देत नाही तेव्हा तुम्ही भीमाच्याच लेकराची शिष्यवृत्ती अडवता.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांनो, काम सांगतो. आपापल्या वस्तीत भाड्याची घरं किती, मालक कोण, पावती देतो का, कुणाकुणाला नाकारलं, याची वही करा. विहारात वाचून दाखवा. आपल्या घरापासून सुरू करा. आडनाव विचारायचं नाही. ताटातलं विचारायचं नाही. भिंतीवर फोटो कुणाचा लावणार हे विचारायचं नाही. डिपॉझिट एका महिन्याच्या वर नाही. वीज बिलाच्या दरानं. कागद सगळ्यांना सारखा, मास्तरालाही आणि पारध्यालाही. पोलिसांचा फॉर्म भरायचा तर सगळ्यांचा भरा, नाहीतर कुणाचाच भरू नका.

मोर्चात घोषणा देणं सोपं आहे, तिथं समोर दुसरा असतो. घर भाड्यानं देताना समोर आपणच असतो. ज्या दिवशी किल्ली आपल्या हातात आली, त्या दिवसापासून समता ही दुसऱ्याकडं मागायची गोष्ट राहिली नाही. ती आपण द्यायची आहे. देत नसाल तर छपरावरचा झेंडा उतरवा. खोताच्या घरावर तो शोभत नाही.

जय भीम!