दुर्बीण शेवटपर्यंत पोहोचली का?

जिल्हा रुग्णालयांमध्ये तीन वर्षांत कर्करोग डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. केमोथेरपीसाठी मुंबई-पुण्याच्या खेपा कराव्या लागणाऱ्या कुटुंबांना ती दिलासा देणारी आहे. मात्र उपचारांच्या आधी निदान येते, आणि मोठ्या आतड्याच्या बाबतीत तेच निसटण्याचा धोका असतो.

सोलापूरला या विषयात सांगण्याजोगा वारसा आहे. देशातील ग्रामीण भागाची पहिली कर्करोग नोंदणी 1987 मध्ये याच जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. बार्शीसह परांडा आणि भूम तालुक्यांतील रुग्णांची नोंद तेथे ठेवली जाऊ लागली. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील 1 लाख 31 हजारांहून अधिक स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी झालेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध होऊन जगभर गाजला. या नोंदणीत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण महानगरांच्या तुलनेत कमीच दिसत आले. त्यामुळे पाश्चात्त्य देशांप्रमाणे सरसकट सर्वांची चाळणी करण्याचा आग्रह येथे धरणे व्यवहार्य नाही. 2016 पासूनच्या राष्ट्रीय तपासणी मोहिमेतही तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग घेतले गेले. प्रश्न उरतो तो लक्षणे असलेल्या रुग्णांचा. शौचावाटे रक्त गेले की मूळव्याध समजून मलमे लावली जातात, रक्त कमी झाले की लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. आतड्याच्या उजव्या भागातील गाठीतून रक्त थेंबाथेंबाने झिरपते, ते डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो केवळ पंडुरोग. आपल्याकडे तो इतका सर्रास आहे की त्यामागचे कारण शोधण्याची गरज कोणाला भासत नाही.

असा रुग्ण अखेर कोलोनोस्कोपीपर्यंत पोहोचतो आणि अहवाल हाती येतो, 'नॉर्मल'. पण नॉर्मल कुठपर्यंत? मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांब, वळणावळणाचे. दुर्बीण गुदद्वारातून शिरून त्याच्या आरंभापर्यंत, म्हणजे उजवीकडे खाली असलेल्या सीकमपर्यंत गेली तरच तपासणी पूर्ण झाली असे मानतात. युरोपातील तज्ज्ञ संघटनेच्या 2017 च्या निकषांनुसार शंभरापैकी किमान 90 तपासण्यांत हे साधले पाहिजे, अपेक्षा 95 ची आहे. जुन्या शस्त्रक्रियेमुळे आतडी चिकटलेली असणे, आतड्याला वेटोळे पडणे, गाठीमुळे वाट बंद होणे ही अपुरेपणाची कारणे सर्वत्र सारखीच. आपल्याकडे त्यात आणखी एका कारणाची भर पडते. आतड्याच्या क्षयरोगाचे आवडते ठिकाण म्हणजे लहान आणि मोठे आतडे जिथे मिळतात तो सांधा. दुर्बीण अलीकडेच थांबली, तर कर्करोगाबरोबर औषधांनी बरा होऊ शकणारा हा आजारही नजरेआड राहतो.

साध्या दिसणाऱ्या एका अडचणीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. आतडे स्वच्छ होण्यासाठी जुलाबाचे औषध निम्मे आदल्या संध्याकाळी आणि निम्मे तपासणीपूर्वी काही तास घेणे उत्तम. सोलापूर शहरात तपासणीसाठी करमाळा, सांगोला, अक्कलकोट, धाराशिव, शेजारच्या विजयपूर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. पहाटेची एसटी पकडणाऱ्याने दुसरा डोस घ्यायचा तरी कोठे? तो टाळला जातो, आतडे मळलेले राहते, आणि पुढे दोष दुर्बिणीला मिळतो.

तपासणी अपुरी राहिल्यास पूर्वी बेरियम एनिमा काढला जाई. ब्रिटनमधील लक्षणे असलेल्या रुग्णांवरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. कर्करोग किंवा मोठे पॉलिप बेरियमने 5.6 टक्के रुग्णांत सापडले, तर सीटी कोलोनोग्राफीने 7.3 टक्के रुग्णांत. या पद्धतीत आतड्यात हवा किंवा कार्बन डायऑक्साइड भरून, रुग्णाला उताणे आणि पालथे झोपवून सीटी स्कॅन करतात. अडथळ्याच्या पलीकडचा भागही दिसतो. तीच चाचणी दुसरी बाजूही सांगते. सीटीनंतर शंभरात 30 जणांना आतड्याची पुढील तपासणी लागली, कोलोनोस्कोपीनंतर सुमारे 8 जणांना. सीटीमध्ये तुकडा काढता येत नाही, चपट्या आणि बारीक गाठी निसटू शकतात. म्हणून ती दुर्बिणीची जागा घेत नाही, अपुऱ्या राहिलेल्या कामाला पूरक ठरते. लहान आतड्याच्या क्षयाचा संशय असेल, तर सीटी एंटेरोग्राफी अधिक उपयोगी.

युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की हे स्कॅन शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावे, कारण पोट एकदाच साफ करावे लागते. अपवाद असतो नुकतेच पॉलिप काढले असल्यास किंवा खोलवर तुकडा घेतला असल्यास. तेव्हा आतडे फाटण्याच्या भीतीने थांबावे लागते. जिथे दुर्बीण आणि सीटी यंत्र एकाच आवारात आहे, तिथे हा समन्वय नव्या यंत्राशिवाय साधता येईल. गरज आहे ती दोन विभागांत आधी ठरलेल्या वेळेची, अहवालात 'सीकमपर्यंत पोहोचलो' किंवा 'अमुक ठिकाणी थांबलो' असे स्वच्छ लिहिण्याची, सोबत छायाचित्र जोडण्याची. आणि करमाळ्याहून येणाऱ्याला आदल्या रात्री शौचालयाजवळ एक खाट मिळण्याची.