भात निसवले, बांधावर चला

भाद्रपद सरत आला, की भिवंडी तालुक्यातले भात निसवू लागते. लोनाडच्या लेण्यांकडे जा किंवा तानसा नदीच्या कडेने वज्रेश्वरीला. बांधावर तेरडा आणि कुर्डू फुललेले, खाचरात बगळे, आणि पावसाने धुऊन काढलेली हवा. चालण्याची सवय लावायला वर्षातले हे सर्वांत चांगले दिवस. ते थोडेच असतात. ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की सकाळी नऊनंतर जीव नकोसा होतो, आणि पुढे थंडीत धूळ-धूर जमिनीलगत साचून राहतो.

‘‘डॉक्टर, दिवसभर मागावर उभाच असतो, आणखी कशाला चालू?’’ असे यंत्रमाग कामगार विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण नुसते उभे राहणे वेगळे आणि चालणे वेगळे. पाऊल पडते तेव्हा पोटरीचा स्नायू आवळतो आणि पायातले रक्त वर हृदयाकडे ढकलतो. तासन्‌तास एका जागी उभे राहिले, की ते खालीच तुंबते. पाय सुजतात, शिरा फुगतात. शिवाय चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, म्हणून मधुमेह्याला जेवणानंतरची पंधरा मिनिटेही उपयोगी. मागांच्या खडखडाटातून कानांची सुटका होते, ती वेगळीच. (रानातही कानात इअरफोन घालून फिरणाऱ्यांचे मला नवल वाटते.)

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा तास. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, एवढा वेग पुरे. चालताना छातीवर दाब येऊन थांबल्यावर तो जात असेल, तर त्याला दमणूक समजू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.

बांधावर अनवाणी जाऊ नये. पायाला जखम असेल तर खाचरातल्या पाण्यात उतरू नये. उंदरांच्या मूत्रातून लेप्टो होतो. आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत कळा, लाल डोळे दिसले तर चिखलात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा. गवतात फुरसे, घोणस असतात. साप चावलाच तर बांधणे, कापणे, चोखणे काही करू नका. पाय न हलवता सरळ सरकारी रुग्णालय गाठा.

आता वाटांविषयी. शेतांच्या जागी गोदामे आली, रोजगार आला, त्याला ना नाही. पण भराव टाकताना बांधाबरोबर जुनी पायवाटही गाडली जाते आणि चालणाऱ्याला कंटेनरच्या रस्त्यावर यावे लागते. तिथे फिरायला जा, असे रुग्णाला सांगायला माझी जीभ रेटत नाही. गावनकाशावर पाणंदी दाखवलेल्या असतात. गोदामाला परवानगी देताना त्या मोकळ्या ठेवण्याची अट हवी, आणि ग्रामपंचायतींनी दसऱ्याआधी त्यांवरचे गवत काढावे. साप लांब राहील, आणि वाट कुठून जात होती तेही दिसेल.