गेटवर बाबासाहेबांचे नाव, गल्लीत मात्र खोली नाही

दरवर्षी १४ जानेवारीला औरंगाबादच्या विद्यापीठ गेटसमोर पाय ठेवायला जागा नसते. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून माणसे येतात, गेटला हात लावतात, शहिदांना अभिवादन करतात, पुस्तके विकत घेतात. वेगवेगळ्या गटांची वेगवेगळी व्यासपीठे असतात आणि प्रत्येक व्यासपीठावरून ऐक्याची हाक दिली जाते. रात्री गेट रोषणाईत न्हालेले असते. आम्हीही तिथे असतो, घोषणा देतो, फोटो काढतो. त्या दिवसाबद्दल आमची काहीच तक्रार नाही. आमचा प्रश्न जून महिन्याचा आहे.

जूनमध्ये त्याच गेटसमोर एखादे पोरगे पाठीला बॅग लावून उभे असते. गेल्या वर्षी असाच एक मुलगा आम्हाला भेटला. घनसावंगी तालुक्यातला, एम.ए.ला प्रवेश मिळालेला. वसतिगृहाची यादी अजून लागायची होती आणि लागली तरी नंबर लागेल याची खात्री नव्हती. एका दुपारी तो पाच घरे फिरला. पाचही ठिकाणी आधी गाव विचारले, मग आडनाव. आडनाव ऐकल्यावर एका घरी मांसाहार चालत नाही असे कळले, एका घरी पाहुणे येणार असल्याचे कळले, एका घरी खोली परवाच गेल्याचे कळले. त्या शेवटच्या घरावरची 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी पंधरा दिवसांनीही तिथेच लटकत होती.

आम्ही मग साधी गोष्ट केली. त्या पाटीवरच्या नंबरला आमच्यातल्या एकाने फोन केला आणि खरे आडनाव सांगितले. उत्तर आले, खोली गेली. अर्ध्या तासाने दुसऱ्याने त्याच नंबरला फोन केला आणि गावाच्या नावावरून पडलेले, जात न कळणारे आडनाव सांगितले. उत्तर आले, कधी बघायला येता? दोन फोनच्या मधल्या अर्ध्या तासात ती खोली रिकामी झाली नव्हती. तेवढ्या वेळात फक्त आडनाव बदलले होते.

मित्रांनो, ही गोष्ट ओळखीची वाटते ना? १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात नोकरीवर रुजू व्हायला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. एक हिंदू मित्र होता, एक ख्रिस्ती मित्र होता, दोघांनीही घरात घेण्याचे टाळले. आपण ही घटना भाषणात सांगतो, लोक हळहळतात, टाळ्या पडतात. पण शंभरहून अधिक वर्षांनी बाबासाहेबांच्याच नावाच्या विद्यापीठाभोवती एक मुलगा आडनाव लपवावे की सांगावे याचा विचार करत फिरतो, तेव्हा आपण कुठे असतो?

या विद्यापीठाच्या नावासाठी काय मोजावे लागले ते नव्या पिढीने पुन्हा आठवावे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळे यांचा जीव घेतला गेला. १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडमध्ये स्वतःला जाळून घेतले. साडेपंधरा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ ला, नामांतराचा नामविस्तार होऊन पाटी लागली. त्या काळात ज्यांची घरे जळाली, त्यांची नातवंडे आज या विद्यापीठात शिकायला येतात. आजोबांचे घर नावासाठी जळाले आणि नातवाला त्या नावाच्या सावलीत भाड्याने घर मिळत नाही. नामांतराची लढाई जिंकली असे म्हणताना हा हिशोब आपण बाजूला ठेवतो.

काही कार्यकर्ते म्हणतात की खोलीचा प्रश्न किरकोळ आहे, चळवळीने मोठे प्रश्न घ्यावेत. आमचे म्हणणे उलट आहे. राहण्याची जागा हा आपल्या चळवळीचा अगदी मूळचा प्रश्न आहे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात शिक्षणाचा विचार केला तो वसतिगृहांपासून. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि सभेने सुरुवातीलाच हाती घेतलेल्या कामांत सोलापूरचे वसतिगृह होते. १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू झाले, तेव्हाही वर्गखोल्यांइतकीच वसतिगृहाची काळजी केली गेली. खेड्यातले पोर शहरात टिकायचे असेल तर त्याला आधी पाठ टेकायला जागा लागते, हे बाबासाहेबांना पुस्तकातून कळलेले नव्हते. बडोद्याने त्यांना ते शिकवले होते.

आता सरकारची बाजू पाहू. ज्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. योजना आली तेव्हा औरंगाबादसारख्या शहरासाठी वर्षाला ५१ हजार रुपये ठरले, त्यात निवासाचे १५ हजार. म्हणजे महिन्याला साडेबाराशे. तेवढ्यात या शहरात खोली नाही, खोलीतला एक कोपरा मिळतो. त्यातही पैसे वेळेवर येत नाहीत. वर्ष संपत आले तरी हप्त्याची वाट बघणारी मुले आमच्या ओळखीत आहेत. आणि अर्जासोबत भाडेकरार मागितला जातो. घरमालक करार करून द्यायला तयार नसतो, कारण त्याला कागदावर काही नको असते. म्हणजे खोली जातीमुळे मिळत नाही, मिळाली तर कागद मिळत नाही आणि कागद नाही म्हणून पैसे मिळत नाहीत. या चक्रात सगळ्यात आधी मुली बाहेर फेकल्या जातात. मुलाला मित्राच्या खोलीत चार दिवस काढता येतात. मुलीला संध्याकाळपर्यंत खोली मिळाली नाही तर बाप तिला दुसऱ्या दिवशीच्या गावाकडच्या एसटीत बसवतो. ती पुढे कुठल्याही आकडेवारीत दिसत नाही. प्रवेश रद्द, एवढीच तिची नोंद.

इथपर्यंत लिहिले की आपल्याला बरे वाटते, कारण दोष दुसऱ्याचा असतो. म्हणून पुढचे लिहिणे गरजेचे आहे. या शहरात आपलीही घरे आहेत. नामांतरानंतरच्या काळात आपले प्राध्यापक झाले, अधिकारी झाले, दोन-तीन मजली घरे उभी राहिली, दारावर निळ्या अक्षरांत नावे लागली. वरच्या मजल्यावर खोल्या काढून भाड्याने दिल्या जातात. त्यात गैर काहीच नाही. पण त्यांतल्या किती घरांत खेड्यातून आलेल्या पोराला परवडेल अशा भाड्याने खोली मिळते? बँकेत नोकरी करणारे जोडपे मिळेपर्यंत खोली रिकामी ठेवणारे आपलेच आहेत. आणि त्याहून बोचणारी गोष्ट अशी की मातंग समाजातल्या मुलाला, भटक्या समाजातल्या मुलाला आपल्याच एका घरात 'तुम्ही कोण?' असे विचारले गेले. आम्ही तिथे सोबत उभे होतो. त्या घराच्या दिवाणखान्यात बाबासाहेबांची तसबीर होती. मान खाली घालून परत आलो. जो प्रश्न आपल्याला विचारला की आपले रक्त उसळते, तोच प्रश्न आपण विचारत असू तर संविधान दिनाचे कार्यक्रम कशाला करायचे?

उलट बाजूही सांगितली पाहिजे. विद्यापीठाजवळच्या जुन्या वस्त्यांतल्या अनेक मुस्लिम कुटुंबांनी आपल्या पोरांना वर्षानुवर्षे खोल्या दिल्या आहेत. मुस्लिम मुलांना शहराच्या दुसऱ्या टोकाला आपल्यासारखीच दारे बंद होतात. हे नाते कुठल्याही व्यासपीठावरच्या ऐक्यापेक्षा पक्के आहे. ते नीट ओळखून जपले पाहिजे.

मग करायचे काय? आम्हाला चार गोष्टी सुचतात, आणि त्यांतली एकही अशक्य नाही.

पहिली, खोल्यांची वही. जात न विचारता खोली देणाऱ्या घरमालकांची यादी सिनियर विद्यार्थ्यांनी मे महिन्यातच तयार ठेवावी. पत्ता, भाडे, करार देतो की नाही, मुलींसाठी जागा आहे का, एवढे लिहिले तरी पुरे.

दुसरी, नकाराची नोंद. नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ पासून आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला एखाद्या वस्तीत घर घेण्यापासून किंवा राहण्यापासून अडवणे हा त्या कायद्याच्या चौथ्या कलमाखाली गुन्हा आहे. अडचण पुराव्याची असते, कारण आज कुणी तोंडावर जात काढत नाही, 'खोली गेली' म्हणतो. म्हणून एकट्याने जाऊ नये, दोघांनी जावे. तारीख, वेळ, पत्ता, बोललेले शब्द त्याच दिवशी लिहून ठेवावेत. एका नोंदीने काही सिद्ध होणार नाही. शंभर नोंदी एकत्र झाल्या की त्यांना किरकोळ म्हणणे कुणालाही जड जाईल.

तिसरी, विहारांची दारे. प्रवेशाच्या दिवसांत, जून-जुलैत, शहरातल्या विहारांनी बाहेरगावच्या मुलामुलींची दहा-पंधरा दिवस राहण्याची सोय करावी, मुलींची सोय महिला मंडळाच्या देखरेखीखाली. विहार वंदनेसाठी आहे, राहण्यासाठी नाही, असे काही ज्येष्ठ म्हणतील. त्यांना आमची विनंती आहे की एकदा विद्यापीठामागच्या लेण्यांत जाऊन यावे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या त्या विहारांत बाजूला छोट्या छोट्या खोल्या आहेत. त्या भिक्खूंच्या राहण्याच्या आहेत. विहार या शब्दाचा अर्थच निवास असा आहे.

चौथी, सरकारला जाब. वसतिगृहांतल्या जागा प्रवेशांच्या प्रमाणात वाढल्या पाहिजेत, निवासाची रक्कम शहरातल्या खऱ्या भाड्याशी जुळली पाहिजे आणि पहिला हप्ता वर्षाच्या सुरुवातीला मिळाला पाहिजे. या एका मागणीसाठी सगळे गट एकाच मंडपात बसले तर १४ जानेवारीच्या भाषणांतले ऐक्य लोकांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसेल.

कुणी म्हणेल, अशाने आपली वेगळी वस्ती तयार होईल. नाही. बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय सर्व जातींच्या मुलांसाठी खुले ठेवले होते, आपली वहीही सर्वांसाठी खुली राहील. वही आजच्या रात्रीपुरती सोय आहे. खरी लढाई ज्या गल्लीत नकार मिळाला त्या गल्लीत राहण्याच्या हक्काची आहे, आणि तीही लढायची आहे.

घनसावंगीचा तो मुलगा शेवटी दोन सिनियर मुलांच्या खोलीत तिसरा म्हणून राहिला. आता दुसऱ्या वर्षाला आहे. या मे महिन्यात वहीचे पहिले पान त्यानेच लिहायला घेतले. त्या पानावर सध्या सात पत्ते आहेत. या शहरात ज्याचे घर आहे आणि वर एक खोली रिकामी आहे, त्याने आठवा पत्ता द्यावा.

जय भीम!