बेलीफ आला तर दार लावू नका



गावात बेलीफ आला की आपल्याकडे एक जुनी रीत आहे. मालक रानात गेलेत म्हणून सांगायचं आणि दाराला कडी घालायची. समन्स घेतलं नाही म्हणजे दावा टळला, असा पुष्कळांचा समज आहे. तसं काही होत नाही. नकार दिला तर बेलीफ कागद दाराला डकवून जातो, कोर्ट समन्स बजावले असे धरते, आणि तारखेला आपण नसलो की हुकूमनामा एकतर्फी होतो.

ही खोड आजची नाही. १८७५ साली पुणे-नगरकडच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, त्यामागे अशा एकतर्फी हुकूमनाम्यांचाही संताप होता. मग १८७९ च्या कायद्याने तिकडच्या कोर्टांवर बंधन घातले की, नुसत्या रोख्यावर न थांबता देण्याघेण्याचा हिशोब मुळापासून तपासावा. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाकडे, त्यामुळे तो कायदा इकडे लागू नव्हता. आज तो कुठेच नाही. म्हणून हिशोब मागायचं काम ज्याचं त्यालाच करावं लागतं.

आणि तो मागावाच लागतो, हे आपल्या गंगाखेड तालुक्याने पाहिलं आहे. तिथल्या एका खाजगी साखर कारखान्याशी संबंधित प्रकरणात, शेतकऱ्यांच्या नावावर त्यांना न विचारता तोडणी-वाहतुकीची कर्जे उचलल्याचा आरोप होऊन २०१७ साली गुन्हा दाखल झाला. ज्यांनी रुपया पाहिला नाही त्यांच्या घरी बँकेच्या नोटिसा आल्या. खरे-खोटे ठरविणे न्यायालयाचे काम. कारखान्याच्या पत्रिकेत कारखान्याचंच उदाहरण, असं कोणी म्हणेल. पण सभासदाने सही कशावर केली हे त्याला माहीत असणं कारखान्याच्याही हिताचंच आहे.

तेव्हा समन्स घ्या, दाव्याची नक्कल घ्या, वकील गाठा. लेखी कैफियत ३० दिवसांत द्यायची असते. कोर्टाने मुदत वाढवली तर ९० दिवसांपर्यंत. तिच्यात प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यावे, कारण जे स्पष्ट नाकारले नाही ते कबूल धरतात. सही कोणाची, पैसे कोणत्या खात्यात गेले, शेवटचा भरणा कधीचा, हे दाखवा म्हणावं. साध्या कर्जाच्या वसुलीचा दावा ३ वर्षांत लावावा लागतो, जमिनीच्या गहाणखतावर १२ वर्षांत. मात्र मुदत संपण्याआधी ‘येणे बाकी मान्य’ अशा कागदावर सही केली, की मुदत नव्याने सुरू होते. साहेब घरी येऊन गोड बोलून सही मागतात ती बहुधा यासाठीच. जामीनदारानेही गाफील राहू नये. कायद्यात तो कर्जदाराइतकाच बांधील.

सोसायटीच्या थकबाकीचं मात्र कोर्टात जात नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडे सुनावणी होऊन वसुलीचा दाखला निघतो. जे बोलायचं ते तिथेच बोला. दाखला निघाल्यावर फेरतपासणी मागायची तर येणे रकमेच्या निम्मे आधी भरावे लागतात, आणि तेवढे जवळ असते तर थकबाकी राहिली असती का?

सावकाराने दावा केला तर कर्ज देतेवेळी त्याच्याकडे परवाना होता का, हे पहिलं विचारा. नसेल तर कोर्ट त्याला हुकूमनामा देत नाही. बँकेने सरफेसी कायद्याची नोटीस शेतजमिनीवर लावली असेल तर तेही चालत नाही. तो कायदा शेतजमिनीच्या तारणाला लागू नाही. साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात शेतकऱ्याची औजारं, लागणारी जनावरं, बी-बियाणं आणि राहतं घर जप्त होत नाही.

देणं खरं असेल तर द्यायलाच हवं, त्यात वाद नाही. सोसायटी बुडाली तर पुढच्या लागणीला खत कुठून आणणार? पण खरं देणेकरी असलो तरी कोर्टात हजर राहून हप्ते मागता येतात. घरी बसणाऱ्याला कोण हप्ते देणार?

वकिलाच्या फीची अडचण असेल तर जिल्हा व तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. अनुसूचित जाती-जमातीच्या सभासदांना आणि स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आपल्याकडे बरेच सातबारे घरधनिणीच्या नावावर आहेत, तेव्हा समन्सही तिच्याच नावाने येईल, आणि अर्जही तिनेच करायचा आहे.