फेकण्याआधी एक टाका

सेमिस्टर संपलं की होस्टेलच्या मागे एक ढीग जमतो. फाटक्या जीन्स, विटलेल्या चादरी, गॅदरिंगला एकदाच घातलेले टी-शर्ट. दोन दिवसांनी कोणीतरी त्याला काडी लावतं. पॉलिस्टरचा काळा धूर वर येतो, आपण खिडक्या लावून घेतो. प्रश्न मिटला!

खरंच मिटतो? मित्रांनो, एका सुती टी-शर्टमागे, कापूस पिकवण्यापासून धरलं तर, साधारण 2700 लिटर पाणी खर्च होतं. म्हणजे एका माणसाचं जवळजवळ अडीच वर्षांचं पिण्याचं पाणी!

फोंडाघाटला माझी आजी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवते. "कापाड टाकूचा नसता रे, तेचो जीव अजून गेलो नाय," असं तिचं म्हणणं. आपण तिला थर्मल इन्सुलेशन शिकवायची गरज नाही. थरांमध्ये हवा अडकते, हवेतून उष्णता सहज जात नाही. घाटावरून उतरणारा गार वारा बाहेरच राहतो. एका गोधडीत तिने एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन जावांची लुगडी शेजारी शेजारी जोडली. त्या लगेच बोलायला लागल्या असं नाही. पण ओली गोधडी एकटीला पिळवत नाही. दोन टोकं दोघींनाच धरावी लागली.

हेच काम मोठ्या प्रमाणावरही झालंय. 4 ऑगस्ट 1985 रोजी, हिरोशिमाला 40 वर्षं होत असताना, अमेरिकेत हजारो लोकांनी हाताने शिवलेले कापडाचे तुकडे जोडून सुमारे 15 मैलांची पट्टी केली आणि पेंटागॉनभोवती गुंडाळली. अणुयुद्धात काय कायमचं गमावणं सहन होणार नाही, ते प्रत्येकाने आपल्या तुकड्यावर शिवलं होतं.

शिवून युद्धं थांबत नाहीत, कबूल. अण्वस्त्रं आजही आहेत. पण जो माणूस चिंधीसुद्धा टाकवत नाही म्हणतो, तो गाव, जंगल, माणसं सहजी 'टाकाऊ' ठरवणार नाही, असं मला वाटतं.

म्हणून एक सुचवतो. यंदा ढीग पेटवायचा नाही. सुती कपडे वेगळे काढून कॉमन रूमसाठी एक गोधडी शिवायची. भिंतीवर टांगायला नाही, पांघरायला! मुलांनीही सुई धरायची. आणि मेसच्या भांडणातले दोन्ही गट तिची दोन टोकं पिळायला हजर पाहिजेत.