साप चावला की मांत्रिक? कायदा काय म्हणतो, ते माहीत असू द्या

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका शेतमजुराला पहाटे आमच्याकडे आणले. रात्री जमिनीवर झोपलेला असताना त्याला मण्यार चावली होती. पापण्या जड होऊन मिटत होत्या, गिळता येत नव्हते. घरच्यांनी त्याला आधी मांत्रिकाकडे नेले होते. तिथे तीन तास गेले. कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले, पण तो वाचला. नंतर त्याची बायको म्हणाली, "मी दवाखान्यातच न्या म्हणत होते, पण सासऱ्यांपुढे माझं कोण ऐकणार?"

तिला एक गोष्ट सांगता आली असती, पण तेव्हा ती मलाही माहीत नव्हती. तुम्हाला आज सांगतो.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो फक्त नरबळी आणि भोंदूबाबांसाठी आहे, असे आपण समजतो. पण त्याच्या अनुसूचीत तुमच्या-माझ्या घरात लागू पडणारी एक नोंद आहे. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे असे उपचार करणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. पूजा, प्रार्थना, कीर्तन यांना मात्र कायद्याची आडकाठी नाही. देवाचे नाव जरूर घ्या, पण दवाखान्याच्या वाटेवर घ्या.

"मांत्रिकाने बरे केलेली माणसे आम्ही पाहिली आहेत," असे अनेक जण सांगतात. खरे आहे. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष शरीरात जातेच असे नाही. अशी माणसे काहीही न करता बरी झाली असती. ज्याच्या अंगात विष गेले आहे, त्याच्यासाठी सर्पविषप्रतिबंधक इंजेक्शन हाच उपाय आहे. मण्यारीच्या दंशाची खूण अनेकदा दिसतही नाही, म्हणून "खूण नाही, म्हणजे साप नाही" असे मानू नका.

साप चावल्यास चावलेला हात किंवा पाय हलवू नका. अंगठी, जोडवी, बांगड्या काढा. घट्ट आवळून बांधू नका, जखम कापू किंवा चोखू नका. १०८ ला फोन करा आणि सरळ रुग्णालय गाठा.

माझे मत स्पष्ट आहे. या कायद्याचा खरा उपयोग कोणाला तुरुंगात टाकण्यात नाही. ज्या सुनेचे, ज्या शाळकरी मुलाचे घरात कोणी ऐकत नाही, त्यांच्या तोंडी एक वाक्य देण्यात आहे: "आधी दवाखाना. अडवणे गुन्हा आहे."

नवा कायदा झाला की आपण बातमीचा मथळा वाचतो आणि पान उलटतो. पुढच्या वेळी एवढे विचारा, यात माझ्या घरासाठी काय आहे? आणि आजच घरातल्या सगळ्यांना हे वाक्य सांगून ठेवा. साप चावल्यावर समजावत बसायला वेळ नसतो.